ट्रेवर माणसं वाचायला शिकतो

ट्रेवर परेरा पत्त्यांत हुशार आहे, हे सगळ्यात आधी ट्रेवर परेरालाच कळलं. बाकीच्यांना ते अजून कळायचं आहे.

वसईचा हा माणूस बरीच वर्षं दोह्यात, एसीचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत पर्चेसला आहे. बायको ज्युलियाना नर्स. घरभाडं तिचं हॉस्पिटल देत होतं, म्हणून ओल्ड एअरपोर्ट भागात दोन बेडरूमचा फ्लॅट होता. छप्पर बायकोचं, त्याखाली बसून मतं द्यायचं काम नवऱ्याचं. मुलगी जोस्लीन सातवीत. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते, आणि बापाला बहुतेक वेळा देतच नाही.

शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे पोकर चालायचा. पैसे लावून नव्हे. इथे जुगार खेळताना सापडलं तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास, एवढं ट्रेवरलाही कळतं. पैशांच्या जागी खजुराच्या बिया. खेळायला दोघं यायचे: ज्युलियानाचा चुलतभाऊ अँथनी, आणि साताऱ्याकडचा ड्रायव्हर हर्षल, जो आठवडाभर कॅम्पच्या मेसमधली पाणचट डाळ खाऊन आलेला असायचा. आतून इंद्यालच्या तिखट रश्श्याचा वास सुटलेला, सोबतचे गोल पाव, म्हणजे फुगे, तळून तयार. ट्रेवरने बियांची रास पुढे ढकलून डोळे बारीक केले की दोघंही हातातली पानं टाकून द्यायचे. डाव लवकर संपला की ताट लवकर येतं. ट्रेवरला वाटायचं, आपल्या नजरेचा दरारा आहे.

ज्युलियानाला एकच हवं होतं, घरी जायचं. वसईला आईने दिलेल्या जागेवर तिच्या घराच्या भिंती उभ्या होत्या, वर स्लॅब नव्हता. स्लॅब पडला की राजीनामा, असं तिचं ठरलेलं. नोव्हेंबरात ट्रेवरची सुट्टी तिच्या आधी मंजूर झाली. स्लॅबचे पैसे तिने त्याच्या खात्यावर टाकले आणि बजावलं, “उतरलास की आधी कॉन्ट्रॅक्टर. मित्र मग.”

तो उतरला आणि एका मित्राच्या गाडीतून थेट पणजीला गेला. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर.

पोकरमधलं खरं कसब म्हणे पानं टाकून देण्यात असतं. वाईट पानं आली की गप्प बसायचं. पण अकरा महिने साहेबापुढे गप्प बसलेल्या माणसाला हे कोण सांगणार? ट्रेवर प्रत्येक डाव खेळला. गल्फमधून सुट्टीवर येणारी आपली माणसं असंच करतात. पोट भरलेलं असलं तरी बोलावतील त्या प्रत्येक घरी जेवतात, नको असलं तरी प्रत्येक दुकानात शिरतात, कारण पुन्हा वर्षभर येणं नाही. तिकीट काढून आलोय आणि डाव सोडायचा? छे!

समोर बडीशेप चघळत एक निवृत्त गृहस्थ बसले होते. ते बराच वेळ नुसती पानं टाकत राहिले. ट्रेवरने त्यांना भित्रा ठरवलं. मग ट्रेवरच्या हातात राजांची जोडी आली. टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पानांत तीन बदाम होते, आणि त्या गृहस्थांनी पहिल्यांदाच चिप्सचा ढीग पुढे सरकवला. लहान पोरही सावध झालं असतं. पण ट्रेवरला दिसलं की त्यांनी कान खाजवला. म्हणजे थाप मारतायत! ट्रेवरने आपलं सगळं पुढे ढकललं आणि डोळे बारीक केले. गृहस्थांच्या हातात आणखी दोन बदाम निघाले, आणि एका रंगाची पाच पानं राजांच्या जोडीला खाऊन टाकतात. कानाला बहुधा डास चावला असावा.

तोटा भरून काढायला तो दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटीवर चढला आणि उरलेला स्लॅब तिथेच ठेवून उतरला.

कॉन्ट्रॅक्टरने ज्युलियानाच्या भावाला पैशांचं विचारलं, भावाने तिला. ट्रेवर दोह्याला परतला तेव्हा तिला सगळं माहीत होतं. ती ओरडली नाही. तिने जेवायला वाढलं. ट्रेवरने याचा अर्थ माफी असा लावला.

दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती. ट्रेवरला ज्ञान झालं. दर शुक्रवारी ते तो वाटू लागला.

“चूक महाग पडली, मान्य,” मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी तो पत्ते पिसत म्हणाला. “पण त्यातनं जे शिकलो ना, ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. पेशन्स. डिसिप्लिन. आणि मेन म्हणजे माणूस वाचायला शिकलो.”

“फी जरा जास्तच घेतली रे त्यांनी,” अँथनी म्हणाला.

“पुढच्या सुट्टीत वसूल करतो, इन्शाल्ला.”

“आता काय घेऊन जाणार? भिंती?”

हर्षल खाली मान घालून हसला. जोस्लीन आतून ओरडली, “डॅडी, प्लीज! नॉट अगेन.”

ज्युलियाना पातेलं घेऊन बाहेर आली. हर्षलच्या ताटात वाढता वाढता म्हणाली, “सोमवारी मी राजीनामा दिला. जोस्लीनची परीक्षा झाली की आम्ही दोघी चाललो. माझ्या नोकरीचे जे शेवटचे मिळतील त्यात स्लॅब होईल. ते सरळ माझ्या भावाकडे जातील. फ्लॅट महिनाअखेर सोडायचाय. ट्रेवर, तू तुझी खोली बघ.”

“बाय, स्लॅब नसलेल्या घरात जाऊन राहणार कुठे?” अँथनीने विचारलं.

“आईकडे. तिथे वर पत्रा आहे, पण आहे.”

ती आत गेली. ट्रेवरने डोळे बारीक केले.

“ब्लफ,” तो हळूच म्हणाला. “बघितलंत? बोलताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.”

“दादा, वैनी वाढत होत्या,” हर्षल म्हणाला. “तुमच्याकडं बघितलं असतं तर रस्सा माझ्या मांडीवर आला असता. माझं ऐका. मुऐदरला एका व्हिलात खोली रिकामी हाय. मालक वळखीचा हाय. आजच सांगून टाकू?”

“अरे, घाबरून डाव सोडायचा नसतो. चौदा वर्षांचा संसार आहे. ती कुठे जातेय?”

त्यानंतर ज्युलियानाने जोस्लीनचा शाळेचा दाखला काढला. ट्रेवर म्हणाला, प्रेशर टाकतेय. भांडी, चादरी, जोस्लीनची पुस्तकं कार्गोने वसईला गेली. ट्रेवर म्हणाला, बोली वाढवतेय. तिकिटं आली. ती रिफंड होणारी आहेत का, एवढंच त्याने विचारलं. नाहीत, असं कळल्यावर अँथनीला फोन करून म्हणाला, “मानलं पाहिजे. एक्सपर्ट खेळतेय.”

हर्षलने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्याला पेशन्सवर व्याख्यान मिळालं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात जुनं सामान घेणारा मजीद, बरोबर हातगाडी ढकलणारे दोन गडी.

“भाभीजी ने बोला था,” मजीद म्हणाला. “फ्रिज खाली है ना?”

“कसला फ्रिज?” ट्रेवरने मराठीतच विचारलं.

ज्युलियानाने फ्रिजचं दार उघडून दाखवलं. आत पुसून लख्ख केलेलं होतं. गड्यांनी तो उचलला, वॉशिंग मशीन उचललं, मग सोफ्याकडे वळले. सोफ्यावर ट्रेवर बसला होता.

“साहब, यल्ला, उठिये.”

ट्रेवर उठला. बायकोच्या चेहऱ्याकडे तो निरखून बघू लागला, कान, ओठ, पापण्या, सगळं. ती फ्रिजच्या जागेवरची धूळ ओल्या फडक्याने पुसत होती.

“ज्युली, खरंच जातेस?”

“महिनाभर सांगतेय,” ती म्हणाली. “पाय उचल.”

तो बाल्कनीत गेला आणि हर्षलला फोन लावला.

“हर्षल, ती मुऐदरची खोली...”

“गेली की दादा. मालकानं मंगळवारीच दुसऱ्याला दिली.” पलीकडे हर्षलने कुणाला तरी काही विचारलं. “आमच्या बरवा कॅम्पच्या बाजूला एका खोलीत कॉट रिकामी हाय. सहाजण हायेत. वरची कॉट.”

ट्रेवरने विचार केला. पर्चेसचा माणूस, घासाघीस सुटते कुठे.

“खालची नाही का मिळणार?”

“खालचीवर माणूस झोपतो, दादा,” हर्षल म्हणाला. “ठेवू का सांगून, का आजबी थांबताय?”