आमची मोटार, आमचं दार

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीनं मला फसवलं. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस. ज्या गाडीला हात लावील तिला ‘आमची गाडी’ म्हणतो. माझ्या मोटारीचा गिअरचा दांडा मोडला, तेव्हा घासाघीस करून मी त्याला माझ्याच अंगणात कामाला लावलं. त्यानं नवा दांडा असा बसवला, की पहिला गिअर टाकला की गाडी मागं जाते.

"गाडी ओक्के हाय," तो म्हणाला. "तुमचा हात उलटा हाय."

तेव्हापासून ती त्याच्याशिवाय कुणाला चालवता येत नाही. थोरल्यासाठी मुलगी बघायला फलटणला गेलो, तेव्हाही मिशी पिळत तोच पुढं, मी मागं. गाडीच्या दारात अडकलेलं माझं धोतर सोडवेपर्यंत पाहुण्यांनी त्यालाच मुलाचा बाप समजून लोडाशी बसवलं आणि विचारलं, "लग्न कुणाच्या दारात?"

"आमच्या. मांडव, जेवण, समदं आमच्याकडं."

मी पोचलो तेव्हा साखर वाटून झाली होती.

जन्मात मी सांगितलेल्या पहिल्या भावात भाजीसुद्धा घेतली नाही. माझ्या दाराचा शब्द देणारा हा कोण, याचा जाब त्यानं द्यावा, आणि वरातीआधी द्यावा. वरातीत गाडी तोच चालवणार. तेव्हा मला तोंड उघडता येणार नाही; तो रुसून उतरला, तर वरात मागंच जायची.