सैल गाठ

मंडळी, आज पाडवा. चेन्नईत, वेलचेरीतल्या आमच्या मजल्यावर गुढी फक्त माझीच. समोरच्या घरातल्या तमिळ मामी दरवर्षी विचारतात, "सार, तांब्या उलटा का?" मीही दरवर्षी सांगतो.

गुढी बांधायला मला कुणी शिकवलं नाही. पाहत, चुकत शिकलो. माझी गाठ अशी, की समुद्राचा वारा सुटला तरी तांब्या हलत नाही.

दुपारी मुलीचा, केतकीचा, व्हिडिओ कॉल आला. ती पोलंडमधल्या एका खेड्यात गेली होती. ईस्टरच्या आधीच्या रविवारी तिथे उंच काठ्या मिरवतात, त्यांना सुकी फुलं आणि रंगीत कागद बांधून. गावातल्या एक आजी तिच्याकडून काठी बांधून घेत होत्या.

मी म्हणालो, "गाठ सैल आहे. सोड, पुन्हा बांध."

"बाबा, आजींनी पाहिली. म्हणाल्या, राहू दे, पडली तर सगळे मिळून उभी करू." मग म्हणाली, "घरी तुम्ही माझी गाठ दरवेळी सोडायचात."

खरं आहे. चुकलेलीच असायची, म्हणून सोडायचो.

संध्याकाळी गुढी उतरवायला गेलो. एका हाताने काठी धरून दुसऱ्या हाताने ती पक्की गाठ सुटेना, आणि काठी धरायला घरात दुसरं कुणी नाही. शेवटी मामींना हाक मारली.

तुमच्याकडे गुढी कोण बांधतं? मुलं बांधत असतील तर गाठ सैल राहिली तरी हात लावू नका. तांब्या पडलाच, तर उचलायला घरात माणसं असतील.