तळपायाला कळलेला शाफ्ट

माझ्या सासऱ्यांनी अठ्ठावीस वर्षं कोल्हापूर ते मलकापूर वडाप केलं. आमच्याकडं वडाप म्हणजे माणसं दाटीवाटीनं भरून नेणारी जीप. ते बंद होऊनही बरीच वर्षं झाली, पण जीप कसबा बावड्यातल्या आमच्या दारात उभी होती आणि मामा, म्हणजे माझे सासरे, रोज तिच्यातून म्हशीची वैरण आणत होते. गेल्या वर्षी ती थरथरायला लागली. चाळीसच्या वर गेली की मागच्या बाकावरच्या माणसाचे दात वाजायचे. मामांना मात्र काही जाणवत नव्हतं. "कुठं थरथरतीया? तुमचीच हाडं ढिली झाल्यात," म्हणून ते सगळ्यांना गप्प करायचे.

माझा नवरा गप्प बसणाऱ्यातला नाही. त्यानं भंगारवाल्याला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्यावरून बापलेकांचं जे जुंपलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. शेवटी मामांनीच तोड काढली. "दसऱ्याला पन्नासवर पळवून बघायची. थरथरली, तर ने जा. न्हाय थरथरली, तर माझ्या दारातनं ती हलायची न्हाय."

गॅरेजला न्यायचा प्रश्नच नव्हता. तिला आयुष्यात दुसऱ्याचा हात लागलेला नाही, हा त्यांचा अभिमान. पण त्यांची कंबर आता वाकत नाही आणि नवऱ्याला ग्रीसचं वावडं, म्हणून जीपखाली मी गेले. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. अठरा वर्षं फळ्यावर वर्तुळ काढून त्याचा मध्य कसा ढळतो ते सांगत आले आहे, तेव्हा मला काय अवघड, असं मनात होतंच.

गिअरबॉक्सची फिरकी मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लांब लोखंडी शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा दुसऱ्यात खाचांनी सरकून बसतो आणि दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो, म्हणजे वळणारा सांधा. बोल्ट सोडण्याआधी मामांनी मला खडूनं प्रत्येक जोडावर खूण करायला लावली. "निघताना जसा हाय तसाच परत गेला पायजे. सोळा खाचा हायत पोरी, पर जागा एकच." मी शाळेतल्या खडूनं ठसठशीत रेघा ओढल्या. क्रॉस खोलला तर आतल्या सुईएवढ्या रुळांचा तांबडा भुगा झालेला. मामांनी ओट्यावर बसून नवे क्रॉस ठोकून बसवले, इतक्या हलक्या हातानं की हातोडी जणू टोपणच लावत होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्यात त्या दिवशी घरातलं झाडून सगळं हत्यार धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडू घालतात, आणि पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावत नाहीत. मी पहाटे उठले. पाने, जॅक, हातोडी घासली. शाफ्ट दोन तुकडे होऊन कोपऱ्यात पडला होता. बिचारा, सगळ्यात कळकट तोच. त्याला डिझेलनं पुसला, मग धुण्याच्या पावडरीनं खसाखसा घासला आणि हार घालून पाटावर मधोमध ठेवला. सासूबाईंनीसुद्धा कौतुक केलं. मामा आंघोळ करून पूजेला आले, हात जोडले, आणि हात तसेच राहिले.

"खुणा कुठं गेल्या?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी वर्गात किती पोरांना ऐकवली असेल. त्या क्षणी मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. नवरा तिकडून फिदीफिदी हसला आणि भंगारवाल्याला फोन करू का म्हणाला. मी त्याच्यावर अशी काही उखडले की सासूबाईंनी घंटा वाजवून दोघांना गप्प केलं. मामा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "शाफ्टाला आंघोळ घातलीस व्हय? असू दे. आज हत्याराला हात लावायचा न्हाय. उद्या बघू."

तो अख्खा दिवस मी त्या पाटाकडं बघत काढला. माझ्या हातानं त्यांची जीप जाणार होती.

दसऱ्याच्या सकाळी मामांनी हार काढला आणि शाफ्टचे दोन्ही तुकडे मांडीवर घेतले. अंगठ्याचं नख एकेका खाचेतून फिरवायला लागले. एक तुकडा दुसऱ्यात सरकवायचा, थांबायचं, काढायचा, एक खाच पुढं. मी मोजत होते. नवव्या वेळी तुकडा नुसता आत गेला. अडला नाही, खरखरला नाही. "एवढ्या वर्सात एकमेकांवर झिजल्यात ती," मामा म्हणाले. "झिजलेलं आपलं माणूस वळखतं." मी वाकून पाहिलं. दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे चिमटे एका रेघेत आले होते, पुस्तकात असतात तसे. पुस्तक न वाचता पुस्तकातल्या जागेवर पोचलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

पण एक गोष्ट राहिली होती. शाफ्टचं मागचं टोक चार बोल्टांनी बसतं आणि ते अर्धं फिरवूनही बसतं. तिथं झीज नसते, म्हणजे नख काही सांगत नाही. कुठल्या बाजूनं बसवलं की थरथर नाही, ते चाकं फिरवूनच बघायचं. आम्ही मागच्या अ‍ॅक्सलखाली लाकडी ठोकळे घातले, पुढच्या चाकांना दगड लावले. नवरा स्टिअरिंगवर बसला, तिसरा गिअर टाकला, आणि मागची चाकं हवेत गरागरा फिरू लागली. मामा मागच्या बाकावर चढले आणि अनवाणी पाय पत्र्यावर टेकवून बसले.

ते पाय पुन्हा पुन्हा सरकवून टेकवत होते. मी त्यांच्या पायांकडं पाहिलं. उजव्या टाचेखाली एक वायसर, बोल्टाखालची लोखंडी चकती, होता, धारदार कडेचा. टाच पूर्ण त्यावर टेकलेली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"मामा, पाय उचला."

त्यांनी उचलला. वायसर मांसात रुतून पायाबरोबरच वर आला. मी तो काढला तेव्हा ते त्याच्याकडं असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या पायातून निघाला असावा.

"साखरेनं पाय मेल्यात गं," ते हळू आवाजात म्हणाले. इंजिनाच्या आवाजात नवऱ्याला ऐकू गेलं नाही. "वरीस झालं. जीप थरथरतीया का न्हाय, मला खरंच कळंना झालंय. तू बस."

मी चपला काढल्या. आधी सगळंच थरथरत होतं. "बारीक थरथर हाय ती इंजिनाची. ती सोड," मामा म्हणाले. "तिच्याखाली हळू येणारा घुमका बघ." मी डोळे मिटले. बारीक थरथर सोडून द्यायला शिकायलाच पाच मिनिटं गेली. आणि मग तो आला. खोल, संथ, पोटऱ्यांपर्यंत चढणारा.

तेव्हा मी खोटं बोलू शकले असते. मामांना कळलं नसतं, नवऱ्याला तर नाहीच.

"येतोय, मामा."

"मग फिरव अर्धा."

इंजिन बंद केलं. मी खाली गेले, चार बोल्ट काढले, टोक अर्धं फिरवलं, परत आवळले. पुन्हा बाकावर येऊन पाय टेकले, पुन्हा डोळे मिटले. बारीक थरथर होती. तिच्याखाली शोधलं, पुन्हा शोधलं. तिथं काही नव्हतं. एवढं वजन इतक्या वेगानं फिरत होतं आणि मला त्याचा पत्ता लागत नव्हता. मला रडू फुटलं. हा माणूस अठ्ठावीस वर्षं रोज ही शांतता पायानं तपासत होता आणि आम्ही त्याला नुसता ड्रायव्हर समजत होतो.

संध्याकाळी मी आपट्याची पानं त्यांच्या हातात देऊन पाया पडले. माझ्या हातांचा स्पर्श त्यांना कळला की नाही, कोण जाणे. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं जीपची किल्ली माझ्यापुढं धरली.

नवरा म्हणाला, "बाबा, ट्रायल तुम्ही घेणार ना?"

"ब्रेकवर पाय किती पडला त्ये मला कळत न्हाय," मामा म्हणाले. यावेळी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माणसं बसायची गाडी हाय. कळणाऱ्यानंच चालवायची."

नवऱ्यानं खिशातून फोन काढून भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं आणि माझ्या शेजारी बसला. मामा मागं चढले, ज्या बाकावर त्यांनी मलकापूरपर्यंत हजारो माणसं बसवली आणि धावत्या गाडीत स्वतः कधी बसले नव्हते. साखर कारखान्याच्या रस्त्याला लागल्यावर मी पन्नासला नेली.

"लागतंय का पायाला?" त्यांनी मागून विचारलं.

"न्हाय, मामा."

मग त्यांनी जीपच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, सगळी बसल्यात, सोड आता, म्हणून वडापातली माणसं त्यांना मारायची तशा.