ब्रेकमास्तरांचं बोट

गाडी शिकायची तर ब्रेकमास्तरांकडेच, पण घरात त्यांच्या शेजारी बसू नये. तीस वर्षं शिकाऊंच्या बाजूला बसून जादा ब्रेक दाबल्याने त्यांचा उजवा पाय कायमचा कामावर होता. टीव्हीवर कुणी रस्ता ओलांडला, तरी तो फरशी दाबायचा. "जगाला थांबवलं, स्वतःला थांबवायचं राहून गेलं," असं तेच हसून सांगत.

सात महिन्यांच्या नातीला जन्मापासून इसब. म्हणून अ‍ॅलर्जीच्या भीतीने शेंगदाणा पहिल्यांदा दवाखान्यातच द्यायचा, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. आज दवाखान्यात ती आईच्या मांडीवर होती, बाजूला मास्तर. समोर वाटीत पाण्यात कालवलेलं दाण्याचं कूट, शेजारी त्रास झालाच तर टोचायचं इंजेक्शन तयार.

"आधी कणभर. वीस मिनिटं बघू, मग जरा जास्त. यापूर्वी कधी तोंडात गेलाय?"

"छे! घरात डबासुद्धा ठेवत नाही," सून म्हणाली.

मास्तरांचा पाय फरशीत रुतला. डबा नव्हता, पुडी होती; त्यांच्या खिशात. गेल्या आठवड्यात ते दाणे चघळत होते, नात टकमक बघत होती, आणि आजोबांना पाझर फुटला. बोट चाटवलं. हनुवटीवर चट्टे उठले, ते त्यांनी लाळेच्या नावावर खपवले. आता बोललं तर अब्रू जाणार, आणि चमचा तर वाटीत शिरलेला.

"थांबा!" ते ओरडले. "गेलाय. माझ्या बोटावरून. चट्टेही आले होते."

"बाबा! लाळेने आलेत म्हणालात ना?"

"लाळ होती गं. माझीच गळत होती."

डॉक्टरबाईंनी वाटी बाजूला सारली आणि आधी दाण्याचा अर्क पाठीवर टोचून पाहिला. पंधरा मिनिटांत बटणाएवढी गांध उठली. "आज खायला काही नाही. रक्त तपासू. तोवर दाणा वर्ज्य, आणि हे इंजेक्शन घरात हवं. बरं झालं, वेळेवर बोललात."

'वेळेवर' हा शब्द मास्तरांना इंजेक्शनपेक्षा जास्त टोचला.

घरी सुनेने सरावाचं बिनसुईचं इंजेक्शन त्यांच्या हाती दिलं, समोर उशी ठेवली. मास्तरांनी ते उलटं धरलं.

"उलटं. पुन्हा."

हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. याच सुरात त्यांनी तिला गाडी शिकवली होती. सातव्या खेपेला जमलं.

"झालो पास?"

"आधी खिसे रिकामे करा."

एक पुडी निघाली. सून हात पुढे करून तशीच उभी राहिली. मग दुसरी निघाली.