प्रेमाने ठेवलेलं नाव

गंगापूर रोडवरच्या दुकानात भाजलेल्या नागलीचा वास आला आणि मी बिस्किटं न घेताच बाहेर पडलो.

कॉलेजच्या वसतिगृहात सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यावरचा सोमा माझ्या खोलीत राहायचा. मी त्याला ‘जंगल्या’ म्हणायचो. प्रेमानेच, असा माझा दावा. एकदा पावलं वाजली, तसा मी मागे न बघताच ओरडलो, “काय जंगल्या, उतरलास का झाडावरून?”

वळलो तर दारात सोमा आणि त्याचे वडील. वडिलांच्या हातात फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकरी.

“बाबा, तो गंमत करतो,” सोमाच घाईने म्हणाला.

“घरी सांगतोस तो दोस्त हाच ना?” एवढंच विचारून त्यांनी पहिली भाकरी मला दिली.

तोंडात घास होता म्हणून माफी राहिली, असं मी चाळीस वर्षं स्वतःला सांगतोय. घास तर तेव्हाच गिळला होता.