हातपंपाला लाल रंग

कळंब तालुक्यातल्या एका गावात मी शाळामास्तर होतो. भूजल खात्याच्या मॅडम तिथे आल्या, त्याआधी त्यांची ख्याती आली होती. म्हणजे एवढीच, की बाई असून बोअरच्या गाडीवर चढते. पाणी कुठे लागेल हे सांगणारे आमच्याकडे चिकार. लागलेलं पाणी पिण्यासारखं आहे का, हे विचारणाऱ्या त्याच पहिल्या.

आधी विहीर पाहतील असं वाटलं होतं. त्या थेट चौथीच्या वर्गात शिरल्या आणि म्हणाल्या, "हसा बरं सगळे." पोरं हसली. अर्ध्या वर्गाच्या दातांवर तपकिरी पट्टे.

सरपंचांना कारण केव्हाच सापडलं होतं. "पोट्टे दात घासत नाही, मॅडम. म्हणून तं आम्ही पेस्ट वाटली." पेस्टच्या खोक्यावर त्यांचाच फोटो होता, हसरा.

मॅडम हातपंपाचं आणि जुन्या विहिरीचं पाणी तपासायला घेऊन गेल्या आणि निकाल घेऊन परतल्या. हातपंपाच्या खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. आज दात, उद्या हाडं. विहिरीचं पाणी चांगलं निघालं, तेच प्या, म्हणाल्या आणि हातपंपाला लाल रंग मारून घेतला.

सरपंच धावत आले. "लाल काहून केला? साहेबाच्या हातचं उद्घाटन हाये त्याचं!"

"हे पाणी पिऊ नये म्हणून."

"अन् दाताचं काय?"

"पेस्ट पंपाले लावून पाहा, भाऊ."

पुढच्या आठवड्यात पंप हिरवा झाला. मॅडमनी पुन्हा लाल केला. बाईंना रंगाचं कंत्राट मिळालं असावं, असं चावडीवर ठरलं.

मग सरपंचांच्या नातवाचे दुधाचे दात पडून नवे आले. तेही पट्टेदार. त्या घरात पेस्टचा तुटवडा नक्कीच नव्हता. बघता बघता विहिरीचा गाळ निघाला, जाळी बसली, नळ आले. समारंभाच्या फ्लेक्सवर सरपंच 'शुद्ध पाण्याचे जनक' आणि मॅडम मागच्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. मी चिडलो, तर म्हणाल्या, "जनक कोणीही होऊ द्या, मास्तर. लेकरं विहिरीचं पितात ना?"

आता त्या निवृत्त आहेत. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं-पोरी वणीपासून उमरखेडपर्यंत पाणी तपासत फिरतात आणि गावोगावी शिव्या खातात. माझ्या वर्गातली एक मुलगीही त्यांच्यात आहे. परवा घरी आली. बायकोनं कौतुकानं तांब्या पुढे केला, तर ही विचारते, "काकू, कोणतं पाणी आहे?"

बायको अजून रागावलेली आहे.