अनंताच्या गाडीचा फ्यूज

अनंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या माझ्या दुकानात एका जीपचं वायरिंग उसवून बसलो होतो. टोकावड्याच्या पुढे, दिवस मावळताना, पावसात गाडी कडेला लावून तो खाली उतरला आणि समोरून आलेल्या टेम्पोने त्याला उडवलं. गाडीला ओरखडाही नाही. "हातात फडका होता, बाकी काय नाय," फोनवरचा माणूस म्हणाला. तो का उतरला हे तिथे कुणाला कळेना. मला मात्र फडका म्हटल्याबरोबर कळलं...

अनंता शेणव्याचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. जुनी पण मोठ्या थाटाची गाडी घेऊन तो भाडी मारायचा. लग्नाची कमी, कल्याणला पेशंट नेण्याची जास्त. त्या गाडीला एक नखरा होता. दिवे लावून काच धुतली की बंपरमधून दोन नळ्या बाहेर यायच्या आणि दोन्ही दिव्यांवर पाण्याच्या चिळकांड्या उडायच्या. टाकी दोन दिवसांत रिकामी. ऐन उन्हाळ्यात एका सकाळी तो तणतणतच दुकानात आला. "विहिरीवर बाया वाटीवाटीनं पानी भरतान, आन त्यांच्यासमोर ही भवानी डोळे धुते! लाज वाटली रे. बंद कर ते." मी म्हटलं, पावसात लागेल, घाटात दिव्यांवर चिखल बसतो. "हात हायेत ना मला? उतरून पुसीन." अख्खी गाडी एका बादलीत धुणारा माणूस तो, त्याच्याशी कोण वाद घालणार? मी हसत त्या नळ्यांचा फ्यूज काढला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. पावसाळ्यात परत बसवू, असं ठरलं होतं. पाऊस लागल्यावर तो दोनदा दुकानात चहा प्यायला. दोन्ही वेळा फ्यूज माझ्या समोर होता. पुढच्या खेपेला बघू म्हणून मीच ड्रॉवर लोटला. ही माझी चूक, आणि अनंता गेल्यावरही ती मी कुणाला सांगितली नव्हती.

कार्य उरकल्यावर फ्यूज खिशात घालून शेणव्याला गेलो. अनंताची बायको, सुमनवहिनी, गाडी विकणार होत्या, म्हटलं निदान आता तरी बसवू. गाडी त्या दिवसापासून पडवीत उभी होती. डावा दिवा लख्ख पुसलेला. उजव्यावर घाटातला चिखल तसाच सुकलेला. एक दिवा पुसून दुसऱ्याकडे जाईपर्यंतच त्याला वेळ मिळाला होता...

"भावजी, ते उतरलेच कशाला वो?" वहिनींनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. मला उभं राहवेना, म्हणून फ्यूज बसवला, दिवे लावले, काच धुण्याची दांडी ओढली. नळ्या बाहेर आल्या. त्यानेच भरलेलं पाणी दिव्यांवर उडालं, आणि उजव्या दिव्यावरचा चिखल ओघळून पडवीत सांडला. वहिनी पुढे झाल्या. उरलेला दिवा त्यांनी पदराने पुसला, नीट, कडेपर्यंत.

"काढा ते," त्या म्हणाल्या. "पानी सांडलेलं त्यांना नाय खपायचं."

त्या चिडल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. मी गुमान फ्यूज काढला. आता तो परत माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पेचकस काढताना रोज बोटाला लागतो, आणि मी तो बाजूला सारून कामाला लागतो.